सहलीचा पैसा आणि सहलीचे फळ
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर पाळण्यांची आणि घसरगुंड्यांची चर्चा कशासाठी? परंतु उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या शिरपुरातल्या घराघरांत जो हट्ट सुरू होतो, तो याच गोष्टीचा असतो. पुण्या-मुंबईकडे राहणारी मावसभावंडे मोबाईलवर फोटो पाठवतात आणि इकडची मुले बापाच्या मागे लागतात, की अब्बा, आपणही एकदा जाऊ. तेव्हा मुलांना रागावून गप्प करण्यापेक्षा त्यांच्यासमवेत बसून हिशेब मांडणे अधिक शहाणपणाचे आहे. हिशेब हेही शिक्षणच आहे.

प्रथम ही उद्याने आली कोठून ते पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड सुरू झाले. तेथे आरंभी आत जाण्याचे तिकीट वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे होते. खेळांच्या प्रतीनुसार कूपनांची पुस्तके मिळत. ही पद्धत 1982 साली संपली आणि एकाच तिकिटात सारे खेळ अशी रीत पडली. आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराईला 1989 साली एस्सेल वर्ल्ड निघाले, 1998 साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले आणि 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले.

आता या दोन रीतींतला फरक लक्षात घ्या. आपल्या जत्रेत आकाशपाळणा असतो, मौत का कुआँ असतो, लहानग्यांची गोल फिरणारी घोडी असतात. तेथे जो बसेल त्याचेच पैसे. आजीने नुसते पाहिले तर आजीला खर्च नाही. मोठ्या उद्यानात मात्र आजी बाकावर पिशव्या सांभाळत बसली तरी तिला प्रवेशाचे पैसे पडतात, फार तर थोडी सूट मिळते. बहुतेक ठिकाणी मुलांचे तिकीट वयावरून नव्हे तर उंचीवरून ठरते. त्यामुळे मधल्या उंचीच्या मुलाचे तिकीट लागते, पण मोठ्या खेळात त्याला बसू देत नाहीत. तो नियम सुरक्षिततेसाठी असल्याने योग्यच आहे. पण खिशाचा विचार करणाऱ्याने तो आधी माहीत करून घ्यावा.

हे तिकीट महाग का, हेही समजून घेतले पाहिजे. मालक लुटतो, एवढे म्हणून भागत नाही. यंत्रे कोट्यवधींची. गर्दी मात्र सुटीच्या दिवशीच. एरवी पाळणे रिकामे असले तरी देखभाल, वीज आणि पगार चुकत नाहीत. त्यात करही आहे. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांवर तो 28 टक्के होता. 2018 च्या जानेवारीत तो 18 टक्क्यांवर आणला गेला. इमॅजिकासारखे नावाजलेले उद्यानही कर्जाच्या ओझ्याखाली आले आणि 2022 साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. म्हणजे आपण देतो तो पैसा खेळाच्या तीन मिनिटांचा नसतो, वर्षभर उभ्या असलेल्या कारखान्याचा असतो.

आता आपला हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतो. दर दिवसागणिक बदलतात. समजा घरात पाच माणसे आहेत आणि तिकीट पंधराशे रुपये आहे. साडेसात हजार तेथे गेले. शिरपूरहून खोपोली म्हणजे विदर्भातून निघून जवळजवळ अरबी समुद्राच्या काठापर्यंतचा प्रवास. जाणे, येणे, मुक्काम आणि जेवण धरून आणखी साडेसात हजार लावा. पंधरा हजार झाले, आणि एका दिवसाच्या मौजेसाठी तीन दिवस गेले. उद्यानात नऊ तास मिळाले, त्यात रांगा, चालणे आणि जेवण. समजा बारा खेळ खेळलो आणि प्रत्येक खेळ तीन मिनिटांचा. प्रत्यक्ष खेळ झाला छत्तीस मिनिटांचा!

पनवेलच्या कुटुंबाला मात्र हाच दिवस निम्म्या पैशात पडतो आणि रात्री तो आपल्या घरी झोपतो. तेव्हा उद्यान चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, कोठून आणि किती जणांना, असे विचारावे लागते. पुण्यात नातेवाइकाचे लग्न आहे, सर्व मंडळी तिकडे जाणारच आहेत, मुले वयाने व उंचीने मोठी आहेत. अशा वेळी सुटीचा वार टाळून एक दिवस जरूर काढावा. केवळ त्याच्यासाठी कर्ज काढून मात्र जाऊ नये.

या उद्यानांची एक बाजू मान्य केलीच पाहिजे. तेथे स्वच्छ शौचालये असतात, पहारा असतो, मुली निर्धास्तपणे हिंडतात. आपल्या घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला मोकळा दिवस किती वेळा येतो, याचा विचार पुरुषांनी करावा. बहुतेक सहलींत आई पहाटे उठून डबे करते, दिवसभर लहानग्याला कडेवर घेते आणि रात्री घरी येऊन भांडी घासते. ती सहल इतरांची झाली, तिची नव्हे. सहलीचे मोल ठरवताना आईला विश्रांती मिळाली का, हे मी तिकिटाच्या आधी विचारीन.

आता जवळ पाहा. लोणारचे सरोवर आपल्यापासून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या अंतरावर आहे. अशनीच्या आघाताने कठीण बेसॉल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्याचे पाणी खारे आणि क्षारयुक्त, तर काठावर गोड्या पाण्याचे झरे. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त या भागाची नोंद करताना काच व साबण बनविण्याच्या साहित्याचा उल्लेख केला आहे. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. जगातले अभ्यासक जेथे येतात ती जागा आपल्या दाराशी आहे. आपल्या गावाचेच पाहा. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू शिरपुरात येतात, आणि आपल्यातल्या कित्येक मुलांनी पवळी मंदिराचे दगडी कोरीवकाम डोळे भरून पाहिलेले नसते.

जाण्याचा खर्चही पाहा. 2023 च्या मार्चपासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. शालेय सहलीलाही एस.टी. सवलत देते. आई, मुलगी आणि आजी यांना बरोबर नेणे आज पूर्वीपेक्षा स्वस्त आहे. घरी ठेवून जाण्याचे कारण उरलेले नाही.

शेवटी एक गोष्ट शिक्षक आणि संस्थाचालकांपुढे कळकळीने ठेवतो. अलीकडे शाळांच्या सहलीही अशा उद्यानांकडे वळू लागल्या आहेत. वर्गात पन्नास मुले असतात. तीस मुले पैसे भरतात. उरलेली वीस मुले त्या दिवशी काय करतात? कोणी पोट दुखते म्हणतो, कोणी गावाला जायचे आहे म्हणतो. मजुराच्या मुलाला खोटे बोलायला लावणारी सहल शाळेची म्हणता येईल काय? उंच झोक्यावरून गाडी खाली येते तेव्हा उंचीची ऊर्जा वेगात कशी बदलते, हे विज्ञान शिकण्यासारखे आहे यात शंका नाही. पण तोच नियम शाळेच्या अंगणातल्या झोक्यावरही शिकवता येतो, आणि तेथे पन्नासही मुले हजर असतात.

म्हणून माझी विनंती एवढीच. सहल ठरविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. घरातले किंवा वर्गातले कोणी मागे राहते काय? या पैशामुळे वह्या-पुस्तके, फी किंवा औषधपाणी अडते काय? आणि परतल्यावर महिनाभराने मुलाजवळ सांगण्यासारखे काही उरेल काय? तिन्ही उत्तरे मनासारखी आली तर खुशाल मोठ्या उद्यानात जा, मनसोक्त खेळा, पैशाची हळहळ करू नका. हौसेलाही आयुष्यात जागा आहे. उत्तरे तशी आली नाहीत तर लोणारची एस.टी. धरा. आणि विद्यार्थी मित्रहो, या वेळचा हिशेब वडिलांनी नव्हे, तुम्ही वहीत मांडून त्यांना दाखवा.