पुलर, आटे आणि दहावी



आपल्या जालन्यातील कित्येक मुले गॅरेजात आहेत, म्हणून विषय तिथलाच घेतो. स्टिअरिंगचे चाक दांड्याच्या खाचेदार टोकावर घट्ट बसते. हातोडीने ठोकले तर दांडा नि बेअरिंग दुखावतात. पुलर लागतो, आणि तो घरी बनतो. जाड लोखंडी पट्टीच्या मधल्या भोकाला आटे पाडून बोल्ट बसवा. बाजूचे दोन बोल्ट चाकाच्या भोकांत फिरवा. मधला आवळला की तो दांड्याला रेटतो, चाक सुटते. नट मात्र चार आट्यांवर राहू द्यावा, नाहीतर चाक तोंडावर येते!

खरी मेख आट्यांची. १० मिलिमीटरचाच बोल्ट, पण आट्यांतले अंतर १.२५ ऐवजी १.५ असेल तर चाकाचे आटे जातात. उस्तादांचा अंदाज थोर, पण इथे दशांश अपूर्णांकच लागतो. शिवाय १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची आहे. तिथे आधी बॅटरी सोडवून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबावे लागते.

आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाला दहावी पास लागते. नववीतून शाळा सुटलेल्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. असा मुलगा घरात असेल, तर सभा संपल्यावर मला भेटा.