दोन तासांचं विमान, बारा तासांचा प्रवास
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं मनोगत)



यंदा दिल्लीच्या सरस मेळाव्याला जायचं म्हणून तुमच्यापैकी काहीजणींनी तयारी सुरू केली आहे. त्यांच्यासाठी आमची फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

मागच्या खेपेला आम्ही दोघी विमानाने निघालो. तिकिटावर लिहिलेलं, मुंबईहून दुपारी दीड, दिल्लीला तीन चाळीस. आम्ही म्हटलं, अवघे दोन तास दहा मिनिटं! सकाळी आठला माणगावहून एसटी धरली. वाटेत गर्दी लागली. विमानतळावर पोचलो तेव्हा बारा चाळीस झाले होते. काउंटर बंद! देशातल्या विमानाचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, हे आम्हाला तिथे कळलं. तिकिटाचे पैसे गेले. नवीन तिकीट गटाच्या बचतीतून काढावं लागलं, ते फेडायला चार महिने लागले.

मुंबई ते दिल्ली सरळ रेषेत साधारण 1,140 किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर 1,384 किलोमीटर, कारण रूळ बडोदा, कोटा असे फिरून जातात. विमान वर गेल्यावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास धावतं. मग दीड तासाच्या आत पोचायला हवं ना? पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दिल्लीत जागेवर उभं राहिलं की संपते. रांगेत थांबणं, चढणं, उतरणं सगळं त्यात धरलेलं असतं. तुमचं घर मात्र त्यात धरलेलं नसतं.

म्हणून हिशोब उलटा करा. विमान दीडला, तर विमानतळावर साडेअकराला. माणगाव ते मुंबई पाच तास धरा, म्हणजे एसटी साडेसहाची. गावातून माणगावला यायचं, तर घरातून साडेपाचला निघा. दिल्लीत उतरल्यावर सामान घेऊन मुक्कामी पोचायला साडेपाच वाजतात. झाले बारा तास!

राजधानी गाडीने गेलात तर मुंबईहून संध्याकाळी निघून सकाळी दिल्ली. घर धरून एक दिवस-रात्र जाते. पण रात्र झोपेत जाते आणि थ्री एसीत 40 किलो सामान नेता येतं. विमानात बहुतेक तिकिटांवर मोठी बॅग 15 किलो आणि हातातली 7 किलोच. पापड, मसाले, लोणची घेऊन जाणारीने हे आधी बघावं. विळी, कात्री मोठ्या बॅगेत ठेवा, पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. तिकिटावर टर्मिनलचा नंबर वाचा, एकाच विमानतळाची दोन टर्मिनलं लांब लांब असतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, उशीर धरूनच चला.

आणखी एक. मेळाव्याचा नफा काढताना आपण भाडं वजा करतो, पण जाण्यायेण्याचे दिवस वजा करत नाही. त्या दिवसांची आपली मजुरी कोण धरणार? वहीत तोही रकाना आखा.

विमानाने जा, गाडीने जा, पण वेळ आपल्या उंबरठ्यापासून मोजा. आणि घरी सांगताना "दोन तासांत पोचते" म्हणू नका, संध्याकाळपर्यंत फोन आला नाही की माणसं काळजी करत बसतात.