स्वराची लांबी आणि यंत्राची वही



पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रूढ केलेल्या स्वरलिपीत एखादा स्वर आणखी एक मात्रा टिकवायचा असेल, तर त्याच्यापुढे आडवी रेघ घालतात. एकाच मात्रेत दोन-चार स्वर बसवायचे असतील, तर त्यांच्याखाली कंसाकृती रेषा ओढतात. स्वर कोणता आणि तो किती काळ, या दोन्ही गोष्टी कागदावर एकत्र नांदतात. विजेवर चालणारी वाद्ये आणि संगणक गेली चाळीस वर्षे ज्या भाषेत परस्परांशी बोलत आले आहेत, त्या मिडी नावाच्या भाषेत मात्र स्वराची लांबी सांगणारा शब्दच नाही.

ही भाषा १९८३ साली सिद्ध झाली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांचा तिच्यामागे पुढाकार होता. भिन्न कारखान्यांतील वाद्यांना एका तारेने जोडता यावे, एवढाच तिचा माफक हेतु. म्हणून तारेवरून जाणारे निरोपही माफक: अमुक पट्टी अमुक जोराने दाबली, अमुक पट्टी सुटली. निरोप केव्हाचा, हेही त्यात लिहिलेले नसते. तो पोहोचला तोच त्याचा क्षण. मूळच्या तारेवर असा एक पूर्ण निरोप जाण्यास एक सहस्रांश सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो, आणि निरोप एकामागून एकच जातात.

मग लांबी येते कोठून? संगणकातील सीक्वेन्सर, म्हणजे वादन नोंदवून ते पुन्हा वाजविणारी प्रणाली, हे काम करते. आम्हा सरकारी नोकरांस परिचित अशा हजेरीवहीची येथे आठवण व्हावी. वहीत येण्याची वेळ असते आणि जाण्याची असते. माणूस किती तास बसला, हे त्या दोहोंच्या वजाबाकीवरून मागाहून ठरते. सीक्वेन्सर दाबण्याची नोंद करून त्याच पट्टीच्या सुटण्याची वाट पाहतो आणि दोहोंमधील अंतर काढून पडद्यावर तेवढ्या लांबीची पट्टिका रेखतो. जाण्याची नोंद वाटेत हरवली, तर स्वर गप्प होतच नाही. म्हणून अनेक प्रणालींत सारे स्वर एकदम बंद करणारी एक कळ दिलेली असते.

ही वही सेकंदांत लिहिलेली नसते, हे ध्यानात ठेवावे. एका ठोक्याचे ठराविक भाग पाडतात. त्यांना टिक म्हणतात. ठोक्यास ९६, ४८० किंवा ९६० टिक, असे निरनिराळे प्रघात आहेत. टिक हा ठोक्याचा अंश असल्यामुळे लय संथ झाली की तोही लांबतो. मिनिटास साठ ठोके असता, ४८० भागांपैकी एक भाग सुमारे दोन सहस्रांश सेकंदांचा होतो. विलंबित ख्यालातील चार सेकंदांची मात्रा एक ठोका मानली, तर तोच आठ सहस्रांशांवर जातो. जेथे गवई सर्वांत सूक्ष्म विचार करतो, नेमक्या तेथेच यंत्राची मोजपट्टी जाड होते.

आता ४८० हीच संख्या का? तिला तीन, चार आणि पाच यांनी निःशेष भाग जातो. तिस्र, चतस्र आणि खंड या जाती तीत सुखाने बसतात. सातांनी मात्र भाग जात नाही, आणि मिश्र जाती तर आपल्या तबलावादकांच्या नित्य व्यवहारातली! प्रत्येक बोल ६८ टिकांचा धरला, तर सात बोलांचे ४७६ होतात. मात्रेमागे चार टिक गळतात. त्रितालाच्या सोळा मात्रांत चौसष्ट टिक गळून, मिनिटास साठ मात्रांच्या लयीत सम सेकंदाच्या आठव्या हिश्शाहून अधिक आधी येते. मैफलीतील अडाणी श्रोतादेखील तेथे मान वर करील. उपाय सोपा आहे. मागील बोलापासून न मोजता दरवेळी मात्रेच्या आरंभापासून मोजावे. मग बोल आळीपाळीने ६९ आणि ६८ टिकांचे पडतात, चूक अर्ध्या टिकापलीकडे जात नाही आणि सम आपल्या जागी राहते.

तेव्हा टिकांची जाडी हा खरा धोका नव्हे. धोका क्वांटाइझ नावाच्या आज्ञेत आहे. वादकाचे बोल थोडे पुढेमागे पडले असतील, तर ते जवळच्या ठरीव रेषेवर सरकविणे, हे तिचे काम. पाश्चात्य नृत्यसंगीतात चतुर्थांश ठोक्याची रेषा बहुधा पुरते. माझ्या परिचयाच्या एका तबलावादकांनी विजेच्या गाद्यांवर मिश्र जातीचा तुकडा वाजविला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने सवयीने ती आज्ञा दिली. हिशोब करून पाहा: पहिला बोल जागेवर राहतो, दुसरा व तिसरा एका रेषेवर येतात, चौथा व पाचवा दुसऱ्या, सहावा व सातवा तिसऱ्या. सात बोलांचे चार ठोके झाले. लय इतकी नेटकी झाली होती की बिघाड कोणता, हे त्या मुद्रकास समजावून सांगणेच अवघड गेले.

लांबीची कथा याहून गुंतागुंतीची. या आज्ञेने सामान्यतः स्वराचा आरंभ सरकतो आणि लांबी तीच राहते. त्यामुळे शेवटही सरकतो आणि वादकाने दोन स्वरांमध्ये ठेवलेली बारीक फट बुजते किंवा रुंदावते. एकच पट्टी दोनदा वाजली असेल आणि दोन नोंदी एकमेकींवर चढल्या, तर पहिलीचा सुटल्याचा निरोप दुसरीलाच गप्प करू शकतो. तबल्याच्या साठविलेल्या आघातांना बहुधा याची झळ लागत नाही. ते एकदा सुरू झाले की आपल्या गतीने विरतात. पेटी किंवा बासरीच्या आवाजाला मात्र ती पुरेपूर लागते.

बऱ्याच प्रणाली मूळ नोंद जपून ठेवतात, आणि सरकविण्याचे प्रमाण शंभराऐवजी तीस-चाळीस टक्केही ठेवता येते. रेषाही बदलता येते. मात्रेचे सात भाग पाडणारी रेषा पुष्कळ प्रणालींत मिळते, फक्त ती मागावी लागते. ध्वनिमुद्रणास बसणाऱ्या वादकाने तंबोरा लावण्यापूर्वी मुद्रकाला एवढे अवश्य विचारावे, की माझ्या मात्रेचे तुम्ही किती भाग पाडले आहेत.