ज्यांचा इतिहास, त्यांच्या हाती



कागदपत्रे सांभाळली म्हणजे इतिहास सुरक्षित राहिला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्यांना तो कागद वाचताच येत नाही, त्यांच्या इतिहासाचे काय? हेलन केलर यांच्या संग्रहाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

1880 साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात जन्मलेल्या हेलन यांची दृष्टी व श्रवणशक्ती वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात आजारपणात हरपली. 1887 साली ॲन सुलिव्हन या शिक्षिका त्यांच्या घरी आल्या. बोटांच्या खुणांनी तळहातावर अक्षरे उमटवून त्यांनी या बालिकेला भाषा दिली. पुढे हेलन टंकलेखन यंत्रावर विपुल लेखन करू लागल्या. मात्र स्वतः टंकित केलेले पान त्यांना वाचता येत नसे. ते कोणीतरी त्यांच्या हातावर उतरवून द्यावे लागे.

1946 साली त्या युरोपच्या दौऱ्यावर असताना कनेक्टिकटमधील त्यांच्या घराला आग लागली. गुरू ॲन सुलिव्हन यांच्या चरित्राचे हस्तलिखित जळून गेले. हेलन खचल्या नाहीत. त्यांनी ते चरित्र नव्याने लिहिले व 1955 साली ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या भारतातही येऊन गेल्या. परंतु लेखिका हयात असली तरच ग्रंथ पुन्हा लिहिला जातो. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमधील हल्ल्यात त्यांच्या नावाने चालणाऱ्या एका सेवासंस्थेचे कार्यालय भस्मसात झाले आणि तेथील जुना दप्तरसंग्रहही नष्ट झाला. तो पुन्हा लिहून देणारे आता कोणीच नव्हते.

सुदैवाने हेलन यांनी आपली बहुतांश कागदपत्रे ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेला दिली होती. पत्रे, भाषणे, छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे असा तो प्रचंड ठेवा. तेथील अभिलेखपालांपुढे दुहेरी कार्य होते. जीर्ण होणारा कागद वाचवायचा, हे पहिले. दुसरे अधिक कठीण. पानाचे नुसते चित्र संगणकावर चढवले, तर डोळसांची सोय होते. अंध वाचकासाठी ते कोरेच राहते. म्हणून पत्रांतील मजकूर अक्षरशः उतरवून काढावा लागला, छायाचित्रांत काय आहे ते शब्दांत वर्णावे लागले. मगच संगणक तो मजकूर वाचून दाखवू शकतो, अथवा ब्रेलच्या उठावदार बिंदूंत बोटांखाली आणू शकतो. दीड लाखाहून अधिक प्रतिमांचा हा संग्रह 2018 साली अंध आणि डोळस अशा दोघांसाठी खुला झाला. ज्या स्त्रीला स्वतःचे टंकित पान वाचता आले नाही, तिची पत्रे आज अंध विद्यार्थी कोणाच्याही मदतीवाचून वाचू शकतो.

आपल्याकडे काय स्थिती आहे? मुंबईतील अंधशाळांना शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी 1951 साली स्वीकारली गेली. या वाटचालीतील प्रवेशपुस्तके, हातांनी टोचलेली ब्रेल पाने, शिक्षकांची टिपणे कोठे ना कोठे कपाटांत पडून असतील. ब्रेलचे पान फार दाबले गेले तर त्याचे बिंदू सपाट होतात आणि अक्षर कायमचे मुके होते. अंध बांधवांना दान देण्यास आपला समाज सदैव तत्पर असतो. त्यांचा इतिहास सांभाळून त्यांच्याच हाती सोपवणे, हे मात्र दान नव्हे. ते ऋण आहे, आणि ते फेडावयास विलंब करून चालणार नाही.