बी. ए.ला विषय कोणता घ्यावा?



या व्याख्यानमालेत तुम्ही गीतेवर ऐकता, राजकारणावर ऐकता. मला चालकांनी अगदी घरगुती विषय दिला आहे. बारावी झाली, मुलीने कलाशाखा धरली, आता बी. ए.ला विषय कोणता? अंधेरीपासून मुलुंडपर्यंत हा प्रश्न दर उन्हाळ्यात घरोघर निघतो, आणि बहुधा शेजाऱ्यांच्या मताने व कॉलेज स्टेशनपासून किती लांब आहे यावर सुटतो.

एके काळी एवढा घोळच नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, १८६२ साली त्याचे पहिले चार बी. ए. झाले : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. आजच्यासारखी विषयांची यादी त्यांच्यापुढे कोणी धरली नव्हती. तरी त्यांतले रानडे अर्थकारणाकडे व इतिहासाकडे वळले आणि भांडारकर संस्कृताकडे. हे उदाहरण देऊन काही जण म्हणतात, विषय कोणताही घ्या, माणूस मोठा व्हायचा तो होतोच. मला हे पटत नाही. रानड्यांच्या मापाने आपल्या मुलांचे कपडे शिवू नयेत. आपल्या उपनगरांत तर कॉलेजच उशिरा आले. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ १९३० साली, अंधेरीचे भवन्स १९४६ साली, पार्ल्याचे कॉलेज १९५९ साली. जवळ जे शिकवीत ते घ्यायचे, असाच पुष्कळांचा संसार झाला.

आता पद्धत बदलली आहे. पूर्वी तिसऱ्या वर्षी एका विषयाचे सहा पेपर घ्यायचे, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तासांची शिकवणी. १२० पैकी ६० मुख्य विषयाचे, म्हणजे ‘मेजर’चे, २४ ‘मायनर’चे, उरलेले भाषा, कौशल्ये, इतर शाखांतील विषय यांचे. महाराष्ट्राने आकडे थोडे इकडेतिकडे केले, पण ढाचा हाच आहे. तेव्हा मेजर म्हणजे पदवीचा जवळजवळ अर्धा भाग. उरलेला अर्धा कसातरी उरकायचा नसतो, हे मात्र पालकांना सांगावे लागते.

आराखड्यात एक सोय आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दुसऱ्या सत्राच्या शेवटी मेजर बदलून मागता येतो. म्हणजे पहिले वर्ष हे पारखण्याचे वर्ष आहे. पण कॉलेजात तो दुसरा विषय मेजर म्हणून शिकवतात का, जागा आहे का, हे प्रवेशाआधीच कार्यालयात विचारून घ्यावे. कागदावरची मुभा वर्गात असेलच असे नाही.

आणि पारखायचे कशाने? माझे मत, तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमाने. पहिल्या वर्षी सगळेच विषय गोड लागतात.

आमच्या इमारतीतली एक मुलगी मानसशास्त्र घ्यायचे म्हणून हटून बसली होती. वडील तिला घेऊन आले ते मी तिचे मन वळवावे म्हणून. मी वाद घातला नाही. विद्यापीठाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम तिच्यासमोर ठेवला. त्यात मानसशास्त्रीय चाचण्या आणि त्यांना जोडून संख्याशास्त्र होते. मुलीने दहावीनंतर गणित सोडलेले. शिवाय नुसत्या बी. ए.वर कोणी समुपदेशनाचे दुकान थाटू नये, पुढे एम. ए. करावेच लागते, हेही मी तिला सांगितले. वडिलांचा चेहरा खुलला. मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग तिने विचारले, “काका, सरासरी आणि आलेख दहावीच्या कोणत्या भागात होते हो?” पुढल्या आठवड्यात माळ्यावरून तिची जुनी पुस्तके उतरली, आणि वडील मला जिन्यात भेटले की नुसतेच हसू लागले.