झारी हातात घेतलेलं यंत्र



मी शाळेत होतो तेव्हा व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने मिळायचा. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडांनी वर्गणी काढून तो आणला, सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी सिनेमे संपेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. तिसरी कॅसेट इंग्रजी निघाली, तशी मोठी माणसं झोपायला गेली. सतरंजीवर मी आणि माझा मामेभाऊ, दोघेच उरलो.

टीव्हीवर फुलं दिसली. गोगलगाय दिसली. डबक्यात पोहणारा एक माणूस दिसला. मग कॅमेरा मागे मागे सरकत गेला आणि लक्षात आलं, हे सगळं रान एका पारदर्शक घुमटाखाली आहे आणि तो घुमट अंतराळयानाला जोडलेला आहे. आम्ही दोघं उठून बसलो.

चित्रपटाचं नाव 'सायलेंट रनिंग', साल 1972. '2001: अ स्पेस ओडिसी'ची अंतराळदृश्यं घडवणाऱ्यांपैकी एक, डग्लस ट्रंबल, याचा दिग्दर्शक. हा त्याचा पहिलाच चित्रपट आणि वयाची तिशीही त्याने गाठली नव्हती. हाताशी पैसा बेताचाच. म्हणून यानाच्या आतली दृश्यं त्याने 'व्हॅली फोर्ज' या मोडीत निघालेल्या विमानवाहू युद्धनौकेवर चित्रित केली आणि यानालाही तेच नाव दिलं. चित्रीकरणानंतर ती नौका भंगारात गेली.

गोष्ट अशी. पृथ्वीवर रान उरलेलं नाही. सगळीकडे बारा महिने तेच 75 अंश फॅरनहाइट तापमान. उरलीसुरली झाडं या घुमटांत जपलेली. एक दिवस हुकूम येतो, घुमट सोडून द्या, स्फोटाने उडवा आणि परत या. झाडं सांभाळणारा फ्रीमन लॉवेल हे ऐकत नाही. ब्रूस डर्नने ही भूमिका केली आहे. शेवटचा घुमट वाचवण्यासाठी लॉवेल आपल्या तिन्ही सहकाऱ्यांचा जीव घेतो. मी त्याला नायक म्हणत नाही. चित्रपटही त्याला मोकळं सोडत नाही. त्यानंतर बोलायला माणूस नाही, म्हणून तो यंत्रांना पत्ते खेळायला शिकवतो. त्या पत्त्यांच्या डावाइतका एकटेपणा मी पडद्यावर क्वचितच पाहिला आहे.

ही यंत्रं म्हणजे ह्यूई, ड्यूई आणि लुई. बुटकी, पेटीसारखी, चेहराच नसलेली. तरी ती चालायला लागली की त्यांच्यात जीव आहे असं वाटायचं. का वाटायचं, ते पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं. त्या सांगाड्यांच्या आत माणसं होती. दोन्ही पाय नसलेल्या चार तरुण कलावंतांनी ती यंत्रं हातांवर चालवली होती. त्या चालीतला किंचित हेलकावा त्यांच्या तळहातांचा होता. तेव्हापासून मला यंत्रांच्या आधी ती माणसं आठवतात.

आणखी एक प्रसंग मनातून जात नाही. यान शनीच्या पलीकडे जातं आणि रान मरायला लागतं. लॉवेल पानं तपासतो, पुस्तकं चाळतो, त्याला कारण सापडत नाही. कारण एवढंच असतं, की सूर्य फार लांब राहिला. झाडांचा जाणकार माणूस, झाडांसाठी खून करून बसलेला, आणि ऊन विसरला! झाडांवर त्याची माया होती, यात शंका नाही. पण झाड मायेवर जगत नाही. त्याला ऊन लागतं, पाणी लागतं आणि रोज कुणीतरी बघायला लागतं.

कारण कळल्यावर तो दिवे बसवतो. त्याच्या शोधात निघालेलं दुसरं यान जवळ पोचतं, तेव्हा तो ड्यूईला घुमटात ठेवून घुमट मोकळा सोडतो आणि स्वतःसकट आपलं यान उडवतो. लुई आधीच शनीच्या कड्यांत हरवलेला, ह्यूई मोडका, तोही त्याच्याबरोबर जातो. शेवटी काळोखात तरंगणारा उजेडाचा एक घुमट दिसतो. आत ड्यूई एक जुनीपुराणी झारी घेऊन रोपांना पाणी घालतोय.

त्या रात्री आम्हाला संवादातलं फारसं कळलं नव्हतं. ती झारी मात्र कळली. आमच्या वाड्यात कुणी गावाला निघालं, की शेजारी किल्ली देऊन सांगायचं, "तेवढं कुंड्यांना पाणी घाला हो." शेजारी घालायचे. बघायला कुणी नसायचं, तरी घालायचे. ड्यूईकडेही अशीच किल्ली दिलेली होती. फरक इतकाच, की त्याची माणसं गावाहून परत येणार नव्हती.

सकाळी कॅसेटी परत गेल्या. त्या दिवशी मामेभाऊ न सांगता उठला आणि जिन्याखालच्या सगळ्या कुंड्यांना पाणी घालून आला.