सिस्टरच्या मनावरचा भार

चाकणच्या आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी पिंपरीला लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मासिक बैठकीला ती आली होती. म्हणाली, "रात्रपाळीचं काही वाटत नाही. पण कंपनीत कंत्राटावर असलेला बाप बिलाला घाबरून बाळाला घरी न्यायला निघतो. अजून दोन दिवस ठेवायला हवं, हे मला कळत असतं. तरी सलाईन मलाच काढावं लागतं. त्या दिवशी घास उतरत नाही."

आम्ही गप्प झालो. अशाच सिस्टरांवर आम्हीही ओरडलो आहोत.

योग्य काय ते कळतं, पण करता येत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने १९८४ साली 'नैतिक क्लेश' असं नाव दिलं. ती मोजताही येते. त्यासाठी २१ प्रसंगांची यादी आहे, मुलांच्या वॉर्डासाठी वेगळी. प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न: किती वेळा घडलं? किती त्रास झाला? दोन्हींना ० ते ४ गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. वारंवार घडून खूप सतावणाऱ्या प्रसंगाला १६. यातून नर्स कच्ची ठरत नाही. दवाखान्यात काय सुधारायला हवं ते दिसतं.

आपल्या हातातही काही आहे. पैशांची अडचण सिस्टरला पहिल्याच दिवशी सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारा. आमच्या गटाने त्याच बैठकीत ठराव केला: मूल दवाखान्यात असेल, तर अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्यायचं, पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही.